कोळशाच्या दहा रेघा

रिनाने पाण्याचा पेला हाताने दूर सारला आणि भूपेंद्रच्या छातीत धस्स झालं.

तसं पाहिलं तर आठ वर्षांच्या पोरीने पाणी नको म्हणणं ही काय घाबरण्यासारखी गोष्ट आहे? पोरं दूध नको म्हणतात, भाजी नको म्हणतात, शाळा तर रोजच नको म्हणतात. कुठल्या बापाच्या छातीत धस्स होतं? पण भूपेंद्रपाशी एक चीज होती, जी त्या घरात दुसऱ्या कोणाहीपाशी नव्हती. एक खोटं. आठ दिवसांचं, चांगलं पोसलेलं.

"पी ले ना माय, दोन घोट," निर्मलाबाई नातीच्या मागे लागल्या.

रिनाने मान फिरवली. ओठ घट्ट मिटले. पेल्याकडे बघायलाही ती तयार नव्हती.

"ऱ्हाऊ द्या ना, आई," चुलीपुढून शीला म्हणाली. "घसा दुखत व्हई तिना. थंडी कितली पडेल शे! कालदिनपशी चहासुद्धा घेयेल नही तिनी." मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "सुई दिधी शे ना तिले? मंग आते काय भ्याव?"

"हां. दिधी ना," भूपेंद्र म्हणाला आणि उगाच मोबाइलमध्ये तोंड घातलं.

सुई दिलेली नव्हती. एकही नव्हती.

नंदुरबार शहराबाहेर, रस्त्याला लागून भूपेंद्रची मिरचीची पथारी आहे. डिसेंबरात तुम्ही त्या बाजूने गेलात तर अर्धा फर्लांग आधीच शिंका यायला लागतात आणि मग दिसतं ते लालच लाल: ओली मिरची वाळत पसरलेली, कडेला डेठ मोडत बसलेल्या मजूर बायका, आणि मध्ये हात मागे बांधून फिरणारा भूपेंद्र. माणूस वाईट नाही. व्यवस्थित आहे, म्हणाल तर जरा जास्तच. ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदललं, ठिबकचा फिल्टर कधी धुतला, फवारणी कधी केली, गॅसची टाकी कधी लावली, हे सगळं त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने लिहिलेलं असतं. सप्टेंबरच्या पानावर 'लवंगीची सुई' असंही लिहिलेलं होतं. तिथून एक बाण ऑक्टोबरकडे गेला होता. ऑक्टोबरच्या पानावरून आणखी एक नोव्हेंबरकडे. डिसेंबरच्या पानावर पोचेपर्यंत बाणाचं टोक कागद ओलांडून भिंतीच्या चुन्यावर गेलं होतं. ट्रॅक्टरचं ऑइल मात्र एक दिवसही चुकलं नव्हतं. ट्रॅक्टर भुंकत नाही, शेपूट हलवत नाही, तरी त्याचा मान मोठा.

लवंगी म्हणजे पथारीची राखणदार कुत्री. मूळची पांढरी, पण मिरचीवर लोळून लोळून गुलाबी झालेली. रिनानेच तिचं ते नाव ठेवलं. सुई टोचली की कुत्रं मऊ पडतं, राखण करत नाही, असं शेजारच्या पथारीवाल्याने एकदा सांगितलं आणि भूपेंद्रला ते लगेच पटलं. काम टाळायला मदत करणारी माहिती माणसाला नेहमीच लगेच पटते.

आणि मग ते दोन दिवस आले, जे आता त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

अकरा दिवसांपूर्वी एका परक्या कुत्र्याने पथारीवर शिरून लवंगीच्या मांडीचा लचका तोडला. भूपेंद्रने मूठभर भरड, बियांसकट मिरचीपूड तेलात कालवली, जखमेत भरली आणि वरून फडकं बांधलं. विचारू नका का. मिरचीच्या गावात मिरची हाच मसाला, हेच औषध आणि हाच मांत्रिक. विंचू चावला, लावा मिरची. दृष्ट लागली, ओवाळा मिरची. कुत्रं चावलं, भरा मिरची. लवंगी दिवसभर केकाटली. "इख जळी ऱ्हायनं," विष जळतंय असं धरून निर्मलाबाई समाधानाने म्हणाल्या.

दोन दिवसांनी लवंगी ट्रॉलीखाली अंधारात जाऊन पडली. तोंडातून लाळ, डोळे लाल, भाकरीला तोंड लावेना. रिना तिला ओढायला ट्रॉलीखाली सरपटली, तिचा हात मांडीवरच्या फडक्याला लागला, आणि लवंगीने कधी नव्हे ते तिच्या मनगटाला दात लावले.

शीला त्या दिवशी माहेरी शहाद्याला गेलेली. रक्त बघून निर्मलाबाईंनी डब्यातून मिरचीपूड काढली. पोरगी किंचाळली. तेवढ्यात कमलीबाई धावत आली. कमलीबाई म्हणजे पथारीवर डेठ मोडायला येणाऱ्या बायकांची मुकादमीण. धडगावकडच्या डोंगरातली, हंगामात तळोद्यापर्यंत जीपने, पुढे बसने येते आणि कडुनिंबाजवळच्या झोपड्यांत चार महिने राहते. शेठ असो की साहेब, ती सगळ्यांना 'तू'च म्हणते.

"शेट, मिरची नको भर!" ती ओरडली होती. "हात धुई टाक, साबणघाई. नळाखाली. लई वेळ धू. आन् सुईले लई जा, आजच."

"कमलीबाई, तू डेठ मोड," भूपेंद्र म्हणाला होता. "आम्हना घरमा सगळास्नी असंच करेल शे."

संध्याकाळपर्यंत लवंगी पथारीवरून नाहीशी झाली. भूपेंद्रने गड्यांना सांगितलं, दिसली की काठ्यांनी संपवा, पिसाळेल शे ती. आणि मनात ठरवलं: उद्या रिनाला दवाखान्यात न्यायचं.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. उघड्यावर शेकडो क्विंटल मिरची, आणि वर ढग. झाका, उघडा, परत झाका. त्या धावपळीत शीला माहेराहून परतली, पट्टी बघून घाबरली, आणि भूपेंद्रच्या तोंडून निघून गेलं, "लई गयथू ना तिले. सुई दिधी."

"एकच?" शीलाने विचारलं. "मन्हा भावाला तर चार-पाच दिधी व्हती."

"आता एकच असते. नवीन निघाली."

खोटं बोलताना माणूस विज्ञानाला किती पुढे नेतो! कमलीबाईनेही विचारलं, तिलाही त्याने तेच सांगितलं. आणि रोज रात्री उशीला डोकं टेकताना तो स्वतःला सांगत राहिला: उद्या नक्की. असे नऊ उद्या झाले.

आणि आज पोरगी पाणी पीत नव्हती.

भूपेंद्र न्हाणीघरात गेला, कडी लावली आणि मोबाइलवर बोट फिरवलं. 'कुत्रा चावल्यावर पाण्याची भीती.' जे वर आलं त्यातली एक ओळ तीनदा वाचूनही तो पुढे जाऊच शकला नाही: लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही.

 बादलीच्या काठावर हात टेकून तो तसाच बसून राहिला. पोरीला सांगणार काय? शीलाला सांगणार काय? बाहेर निर्मलाबाई सात मिरच्या आणि मीठ घेऊन नातीवरून ओवाळत होत्या. मिरच्या चुलीत पडल्या, सगळ्यांना ठसका लागला, रिना खोकली, आणि खोकल्याच्या प्रत्येक उबळीला बापाच्या काळजाचं पाणी होत गेलं.

त्याने एकदा धीर करून दुधाचा कप नेला. "बेटा, दूध?"

रिनाने कपात डोकावायच्या आधीच डोळ्यांवर हात घेतले. "नको, पप्पा! घेऊन जा!" तिचं सगळं अंग थरथरत होतं.

झालं! भूपेंद्रला वाटलं, संपलं.

तो उघड्या पायांनी पथारीवर आला. पश्चिमेला आभाळ काळं होत होतं. गडी ताडपत्र्या घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत उभे. उभ्या हंगामात पहिल्यांदाच त्या माणसाने मान वर करून ढगांकडे पाहिलं नाही. तो थेट डेठ मोडणाऱ्या बायकांपाशी गेला.

"कमलीबाई, इकडे ये."

मिरची झोंबू नये म्हणून हाताला लावलेलं तेल पुसत ती आली. 

"मी सुई दिधी नही," भूपेंद्र म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "खोटं सांगेल शे मी. तुला. शीलाला. सगळ्यांना. आन् आता ती पाणी पीत नाही."

कमलीबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यात भीती होती, आणि कमलीबाईला भ्यालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"नऊ दिवस?" ती म्हणाली. "मी रोज इचारू. तू रोज म्हने, दिधी."

"हो."

"चल," ती म्हणाली आणि त्याच्या पुढे चालायला लागली.

घरात शिरताच तिने आधी अंगणातल्या नळावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मग रिनाच्या खाटेजवळ जमिनीवर बसली. पाण्याचं नाव काढलं नाही. पोरीची वेणी सोडली आणि परत घालायला घेतली.

"तुन्ही लवंगी आठवस का?"

रिनाने मान हलवली. डोळे भरले.

"राग येस तिना?"

"नाही."

"मंग पाणी का नाही पीत? घशात दुखस?"

"नाही."

"तहान लागस?"

"खूप," रिना कुजबुजली. "खूप तहान लागलीये."

भूपेंद्रने दाराची चौकट धरली.

"मंग पी ना, माय."

रिनाने दाराकडे, आजीकडे, आईकडे एकदा पाहिलं आणि कमलीबाईच्या कानाला तोंड लावलं. पण घाबरलेल्या पोराचं कुजबुजणं ते. चार घरांना ऐकू जावं असंच होतं. "पाण्यात लवंगी दिसेल. आजी परवा बाजूच्या काकूंना सांगत होती. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पाण्यात तेच दिसतं, आणि दिसलं की माणूस मरतो. मी बघणारच नाही. मी पाण्यात बघणारच नाही!"

 निर्मलाबाईंच्या हातातली मिठाची वाटी तशीच राहिली.

"डोळे मीट," कमलीबाई म्हणाली. "घट्ट. आता कोण दिसस?"

"कोणीच नाही."

कमलीबाईने पेला पोरीच्या ओठांना लावला. एक घोट. घसा हलला. दुसरा घोट. मग रिनाने दोन्ही हातांनी पेला धरला आणि डोळे मिटूनच घटाघटा सगळा रिकामा केला. दुसरा मागितला. तोही संपवला. पाणी हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळलं.

पाणी प्याली! पोरगी पाणी प्याली! भूपेंद्र तिथेच उंबऱ्यावर बसला आणि रडायला लागला. शीलाला काही उमजेना. तिने नवऱ्याला असं रडताना लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

आता वाचकहो, इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. भूपेंद्रनेही तेच धरलं. त्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं, बाहेर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला! मंग तसं काही नही ते. एवढी मिरची झाकी घेतस. उद्या सकाळी पहिलं काम, सुई..."

माणसाचा 'उद्या' कशानेच मरत नाही, हेच खरं. भीतीनेसुद्धा नाही.

"उद्या?" कमलीबाई उभी राहिली. तिचा आवाज असा चढला की पथारीवरच्या बायका दाराशी आल्या. "मन्हा भाऊ आमशा. त्याले कुत्रं चावनं. आम्ही जखमेत काय काय भरलं, आमच्या मांत्रिकाकडे, बडव्याकडे नेलं, कोंबडं दिलं. आन् कुत्र्याला त्याच दिवशी काठ्यांनी मारून टाकलं. आमशा पाणी पीत होता, शेट. एक दिवस नाही, चाळीस दिवस. गुरं चारली, लाकडं आणली, होळीला नाचला. आम्ही म्हटलं, झालं, वाचला. एकेचाळिसाव्या दिवशी वाटी तोंडाशी नेली आन् घसा आवळला. मग वारा लागला तरी ओरडायचा. तीन दिवसांत गेला. ती पाणी प्यायली म्हणून तू खुश होतो? आमशा चाळीस दिवस प्यायला!"

 बाहेर एका ताडपत्रीचा कोपरा वाऱ्याने फडफडत होता.

"तो गेल्यावर आमच्या पाड्यावर नर्सबाई आली," कमलीबाई आता हळू बोलत होती. "ती म्हणाली, चावलं की आधी धू, साबणाने, पाव तास. मग सुई, त्याच दिवशी. राहिलं असेल तर आठवल्याबरोबर, उशीर झाला म्हणून सोडू नको. रोग वर येण्याआधी सुई पोचली पाहिजे, बस. तुझ्यापाशी मोटर शे, रस्ता शे, दवाखाना शे. आमशापाशी यातलं काय होतं?"

शीलाने आतापर्यंत सगळा हिशेब जुळवला होता. ती नवऱ्यासमोर आली.

"एकच असते," ती म्हणाली. "नवीन निघाली. नही का?"

भूपेंद्रने मान खाली घातली. तिने खुंटीवरची गाडीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि रिनाला कडेवर उचललं. आठ वर्षांची पोरगी, पण आईला त्या दिवशी जड झाली नाही.

"मिरची?" एका गड्याने विचारलं.

"मी झाकस!" निर्मलाबाई पदर खोचत गरजल्या. "तुम्ही जा!" आयुष्यभर मिरचीचे गुण गाणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी मिरचीकडे असं पाहिलं, जशी ती कोणी चुगली करणारी शेजारीण असावी.

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण त्यांच्यासमोर भूपेंद्र शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. रिनाने कमलीबाईचा हात सोडला नव्हता, म्हणून तीही आत आली. डॉक्टरबाईंनी मनगटावरची पट्टी सोडली. दातांच्या दोन खुणा, आणि भोवती रुपयाएवढी भाजल्यासारखी कातडी.

"हे कशाने झालं?"

"मिरची," भूपेंद्र पुटपुटला.

"मिरचीने या रोगाचा विषाणू मरत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कातडी मात्र जळते. झोंबतं, म्हणून लोकांना वाटतं औषध लागू पडलं. चुना, हळद, तेल, मिरची, काही लावायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. बस. कधी चावलं?"

"नऊ दिवस झाले."

त्यांनी वर पाहिलं. त्या एका नजरेत भूपेंद्रने नऊ वेळा मार खाल्ला.

"वाचेल ना ती?" शीलाने विचारलं.

"आज आणलंत. लक्षण एकही नाही. आता एक डोस चुकवू नका, म्हणजे भिण्याचं कारण उरणार नाही." त्यांनी जखम धुवायला सांगितलं, दंडात लस दिली आणि मग जखमेभोवती दुसरी सुई. रिना अशी किंचाळली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. कार्डावर तारखा पडल्या: आज, तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. "आणि कुत्री? जिवंत आहे?"

भूपेंद्रने कार्डाकडे पाहिलं. "गड्यांना सांगितलं होतं, दिसली की मारा. सापडली नाही."

"मारून काय कळणार? चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून लक्ष ठेवायचं असतं. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता. पण तुम्ही तर पुरावाच..."

"कुत्री शे," कमलीबाई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मन्हा झोपडीमागे. बांधेल शे." तिने पदर सारखा केला. "शेट म्हने, मारा. मी म्हटलं, आमशाचं कुत्रंबी आम्ही मारलं, काय कळलं? म्हणून त्या संध्याकाळी गळ्यात लांब दोर टाकून तिला नेली. दुरून भाकरी टाकते, काठीने पाणी सरकवते. कोण्या पोराला जवळ जाऊ देत नाही. रोज रेघ मारते."

दुपारी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर जाड हातमोजे घालून कडुनिंबाखाली आले. झोपडीच्या मागच्या पत्र्यावर कोळशाच्या नऊ रेघा होत्या, एकीला एक लागून. कमलीबाईला लिहिता येत नाही. कॅलेंडर तिच्यापाशी नाही. तरी नऊ दिवसांत तिचा एक दिवस चुकला नव्हता. आणि ज्याच्या भिंतीवर बारा पानांचं कॅलेंडर होतं तो माणूस खाली मान घालून त्या रेघा बोटाने मोजत होता.

लवंगीने त्याला पाहिलं आणि शेपूट हलवली. वाळलेली, हाडं निघालेली, पण शेपूट तीच. डॉक्टरांनी तिच्या जबड्याला फीत बांधली आणि मांडीवरचं अकरा दिवसांचं फडकं हळूच सोडवलं. ते कातडीला चिकटलं होतं. आतल्या मांसात अजून पिवळ्या बिया रुतलेल्या दिसत होत्या. मिरचीच्या.

"ही तुम्ही भरलीत?" डॉक्टर म्हणाले. "कुत्रं फडक्यावरूनही जखम चाटतं. चाटली की तोंडाची आग. लाळ गळणार, डोळे लाल होणार, खाणं बंद होणार, अंधारात जाऊन पडणार. आणि त्या जखमेला पोरीचा हात लागला, तर काय करील बिचारी?"

भूपेंद्रला ते समजायला थोडा वेळ लागला. मग एकदम समजलं आणि तो जमिनीवर बसला. ज्याला तो पिसाळणं समजला होता ती त्याची स्वतःची मिरची होती! ज्या कुत्रीच्या मागे त्याने काठ्या लावल्या, ती अकरा दिवस त्याने भरलेल्या बिया मांडीत घेऊन सोसत होती. लवंगी रिनाला नाही चावली. चावला तो भूपेंद्र, लवंगीच्या दातांनी.

"म्हणजे ती पिसाळेल नही?" त्याने आशेने विचारलं.

"इतक्यात नाचू नका," डॉक्टर म्हणाले. "तिला परकं कुत्रं चावलंय आणि तिला लस कधीच दिलेली नाही. तो रोग महिना-दोन महिने, कधी जास्तही, आत दडून राहतो. आजपासून तिला लसीचे डोस, आणि सहा महिने वेगळी बांधून, रोज लक्ष. दरसाल लस दिली असती तर आज एवढं भ्यायची पाळीच नव्हती. लस दिल्याने कुत्रं मऊ पडत नाही. सुस्त पडतो तो मालक, म्हणून लस राहून जाते." त्यांनी पिशवी आवरली. "घरात मांजर आहे?"

"शे एक. मनी."

"तिला लस?"

"मांजरीले कसाले?" भूपेंद्र बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. "उद्या..." परत जीभ चावली. "आजच आणतो."

त्या पडत्या उजेडात चुलीमागून मनीला पोत्यात धरून आणताना भूपेंद्रच्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले. डॉक्टरांनी ते नळाखाली पाव तास धरायला लावले, आणि वर त्यालाही जिल्हा रुग्णालयात पिटाळलं. बाप-लेकीच्या कार्डांवर सारख्याच तारखा पडल्या. शीला दिवसभरात पहिल्यांदा तेव्हा हसली.

पण भीती अशी एका दिवसात घर सोडत नाही. रात्रभर भूपेंद्र पोरीच्या श्वासाकडे कान लावून पडला होता. दिवस उजाडताच तो भाकरी घेऊन कडुनिंबाकडे गेला.  झोपडीमागून आवाज येत नव्हता. दहावा दिवस. मेली असेल तर?

कोपरा वळताच मातीच्या परळात लपलप वाजलं. लवंगी पाणी पीत होती.

कमलीबाईने त्याच्या हातात कोळशाचा तुकडा दिला. "मार. आजची तुन्ही."

दहावी रेघ भूपेंद्रने मारली. जरा वाकडी आली. मग घरी जाऊन त्याने कॅलेंडर काढलं. भिंतीवर गेलेलं बाणाचं टोक त्याने नखाने खरवडून काढलं आणि या डिसेंबरच्या आणि नव्या वर्षाच्या पानांवर लिहिलं: रिनाचे डोस, लवंगीचे डोस, मनीची लस, जंताचं औषध, परत पुढच्या डिसेंबरात लस. एकाही तारखेतून बाण निघाला नाही. ट्रॅक्टरचं ऑइल सगळ्यांच्या खाली गेलं.

नागरिकहो, आपण जनावर पाळतो म्हणजे काय करतो? राखणीला बांधतो, उष्टं टाकतो, लाडाचं नाव ठेवतो आणि त्याला पाळलं असं म्हणतो. लाडाच्या नावाने रोग अडत नाही. दारच्या कुत्र्याला आणि चुलीमागच्या मांजरीला दरसाल लस, स्वच्छ पाणी, सावली, दुखलं-खुपलं तर डॉक्टर, एवढं केलं तरच ती आपली. आणि तेवढं केलं तरच आपली पोरं त्यांच्यापाशी निर्धास्त. चावलंच, तर आधी साबण-पाणी, मग त्याच दिवशी दवाखाना. मिरची भाजीत घाला. आणि उशीर झाला असेल, खोटं बोलला असाल, तर लाज मोठी की लेकरू मोठं, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

त्या सकाळी शीलाने पेला भरून रिनापुढे ठेवला. सगळे आपापल्या कामात असल्यासारखे दाखवत तिच्याकडेच बघत होते. रिनाने आधी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग दोन्ही हात जमिनीला टेकून ती पेल्यावर वाकली आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"काय दिसस?" निर्मलाबाईंनी घाबरत विचारलं.

"मी," रिना म्हणाली, आणि पाणी प्याली.